तिसऱ्या भोंग्यानंतर

अ‍ॅशबर्न, १४ जानेवारी २०२४

त्र्यंबक,

पाकिटावर ‘श्री. खांबेटे’ लिहिलं आहे ते पोस्टमनसाठी. आत जुनंच संबोधन ठेवतो. चौतीस वर्षं अबोला धरल्यावर अहो-जाहो करणं म्हणजे नवं भांडण काढणं होईल, आणि मला जुनंच अजून पुरतं आहे.

पत्ता नकुलने दिला. ‘बाबांना विचारून सांगतो, काका,’ म्हणाला आणि दोन मिनिटांत पाठवून दिला, म्हणजे विचारलं नसणार. त्याला रागावू नकोस. फोन नंबरही देत होता, तो मी घेतला नाही. फोनवर तू ‘हं’ म्हणून ठेवून दिला असतास. पत्र फाडायला निदान दोन्ही हात लागतात.

आता कामाचं. तेमारोहून पत्र आलं आहे. आपल्या तेमारोहून. बेटावर विधानसभेची नवी इमारत झाली आहे, एप्रिलमध्ये उघडते आहे, आणि दर्शनी भिंतीवर आजवरच्या सगळ्या प्रीमियरांच्या नावांचा फलक लागणार आहे. या पदाचा इतिहास लिहायला तिघांची समिती नेमली आहे. तिच्यासाठी जुने कागद गोळा करते तेआ, लावीनियाची नात. ती लिहिते की यादीत आधी कॅप्टन ओसेआ, मग त्याचा पुतण्या विलीमा, आणि विलीमानंतर पुन्हा विलीमा. मधले नऊ दिवस, ऑक्टोबर १९९०: ‘पद रिक्त’.

रिक्त. जिच्या हातांवर त्या बेटाची निम्मी पोरं जन्माला आली, ती सुईण बारापैकी सात मतांनी निवडून येते. खुर्चीवर बसते. धाकट्या बेटावरच्या गरोदर बायकांना बोट फुकट, असा हुकूम काढते. आणि इतिहास म्हणतो, खुर्चीत कुणी नव्हतं. हा शब्द वाचून मी सुमेधाच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या बोलायला लागलो. लेक आणि नात दोघी बाहेर गेल्या होत्या. ऐकायला फक्त डिशवॉशर होता, तरी मी वाक्यं पूर्ण केली.

लावीनिया जिवंत आहे, त्र्यंबक. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिला तो फलक पाहता येईल.

अडचण एकच आहे आणि ती तुझ्या अक्षरात आहे. विधानसभेचा सचिव तू. त्या दिवशीच्या इतिवृत्तात तू लिहिलंस: ‘तिसरा भोंगा पाच वाजता. शपथ पाच वाजून अकरा मिनिटांनी.’ तिसरा भोंगा म्हणजे धाकट्या बेटाकडे जाणारी बोट निघाली, तिथले तीन सभासद उठले, आणि त्यापुढचं कामकाज हे कामकाजच नाही, असा नियम. तुझ्या त्या एका ओळीवर बोट ठेवून विलीमाच्या माणसांनी तिची शपथ रद्द ठरवली आणि नऊ दिवसांनी खुर्ची परत घेतली. ती ओळ अजून तशीच उभी आहे.

मागणं असं: एक वाक्य लिहून दे. बोटीचे तिन्ही भोंगे एकाच आवाजाचे असत. मोजण्यात चूक होऊ शकते. ‘मी तिसरा म्हणून नोंदवलेला भोंगा दुसरा असण्याची शक्यता आहे,’ एवढंच, आणि खाली सही. ते तिघे सभासद आता नाहीत, बोटीचा कप्तान नाही. तुला खोटं पाडायला कुणी येणार नाही. आणि हे खोटंही नाही, ही फक्त शंका आहे. एका बाईच्या न्यायासाठी माणसाला एवढी शंका घेता येत नसेल, तर त्याचा काटेकोरपणा काय कामाचा?

समिती मार्चअखेर यादी पक्की करेल. त्या दिवशीचा कार्यक्रम कसा ठरला होता, आधी काय आणि मागून काय, ते कुणी विचारत नाही आणि आपणही त्यात शिरायचं कारण नाही.

मोहन

अ‍ॅशबर्न, ११ फेब्रुवारी २०२४

त्र्यंबक,

तुझं कार्ड मिळालं. चौतीस वर्षांनंतर तीन वाक्यं. ‘तिसराच होता. इला दर नाताळात लावीनियाला पत्र लिहीत असे. बेटावर लोक तिच्याबद्दल काय बोलतात ते तेआला विचार.’ खाली सही सुद्धा पूर्ण नावाची, जणू मी बँक आहे.

तुझी इला गेल्याचं मला २०१६ मध्येच कळलं होतं. इथल्या गणेशोत्सवात कुणीतरी सांगितलं. घरी येऊन पत्र लिहायला बसलो होतो. ‘प्रिय त्र्यंबक’च्या पुढे गेलो नाही. तो कागद बरेच दिवस टेबलावर होता. याहून जास्त त्याबद्दल लिहिता येत नाही.

समितीने मलाही आठवणी मागितल्या आहेत, त्या पदाच्या पहिल्या वर्षांच्या. कॅप्टन ओसेआची भाषणं मी लिहायचो हे त्यांना कुठूनतरी समजलं. त्यामुळे हल्ली सकाळी फिरायला निघालो की मी अ‍ॅशबर्नमध्ये नसतोच. इथे घरांच्या मागे खिडक्या नसलेल्या इमारती आहेत, त्यांत साऱ्या जगाची माहिती साठवलेली असते म्हणे, आणि त्या दिवसरात्र घूं-घूं करतात. मी त्यांच्या कडेने चालतो, आणि मला दिसतो पोस्टाचा व्हरांडा.

आठवतं तुला? १९८३. शिक्षक हवेत अशी जाहिरात वाचून आपण दोघं गेलो, मी इंग्रजी-इतिहासाला, तू गणिताला. पहिल्याच दिवशी शाळेचा प्राचार्य आपल्याला प्रीमियरना भेटवायला घेऊन गेला. मी कोट घातला होता. आणि सरकारचं मुख्यालय निघालं पोस्टाचा व्हरांडा. एक टेबल, बुडालेल्या जहाजावरून काढलेली एक खुर्ची, आणि फोन एकच, तो पोस्टाचा, म्हणून खिडकीतून आत हात घालून उचलायचा. पोस्टमास्तर जेवायला गेला होता, तर प्रीमियर तिकिटं विकत होते. तू माझ्या कानाशी म्हणालास, ‘मोहन, हा तर सरपंच आहे.’ तेव्हापासून आपल्यात त्या पदाचं नाव सरपंचच पडलं. लंडनहून कुणी साहेब आला की मी तुझ्याकडे बघायचं टाळायचो. पुढे मी त्याची भाषणं लिहायला लागलो आणि तुला त्याने सभेचा सचिव केलं.

पण त्या सरपंचाने राज्य केलं, त्र्यंबक. चौदा वर्षं. डुकरांच्या तक्रारी ऐकल्या, बर्फाचा कारखाना आणला, नांगरलेल्या बोटीवर बसून कायदे केले. सभेत बोलायला उभा राहील त्याच्या हातात वल्हं द्यायचं आणि वल्हं हातात आहे तोवर त्याला कुणी, सभापतीनेही, अडवायचं नाही, ही जुनी चाल त्याने नियमात घेतली. मला तर तो देश माझ्यासाठीच बनवलाय असं वाटलं होतं. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धांत घंटा वाजली की माझं सगळ्यात चांगलं वाक्य उरलेलं असायचं. इथे घंटाच नव्हती.

भोंग्याचा नियमही त्याचाच. मोठ्या बेटाचे सभासद गप्पा मारत वेळ काढायचे, धाकट्या बेटाचे बोटीला गेले की हात वर करून हवं ते पास करायचे. बर्फाचा कारखाना असाच मोठ्या बेटावर आला होता. ओसेआ स्वतः मोठ्या बेटाचा, तरी त्याने तो नियम रेटून नेला. १९८५ च्या वर्धापनदिनाचं भाषण मी लिहिलं होतं: ‘ज्याला बोट पकडायची आहे, त्याच्या वेळेने ही सभा चालेल.’ लोक उभे राहिले होते. धाकट्या बेटाच्या म्हाताऱ्या रडत होत्या.

हे वाक्य मी आत्ता का लिहिलं कोण जाणे. खोडत नाही, राहू दे.

आणि तुमचं घर. इलाचे नीरफणसाचे काप, रव्यात घोळवून. ‘गुहागरला हेच करतात, फक्त तिथे झाड शेजाऱ्याचं असतं,’ असं म्हणायची. नकुलच्या वेळी लावीनिया भर वाऱ्यात होडीने आली होती, आणि तू बाहेर व्हरांड्यात वहीत वेळा लिहीत बसला होतास. कळा किती मिनिटांनी येतायत ते तू बाहेरूनच ऐकून तिला सांगत होतास. ती हसून म्हणाली होती, असा नवरा प्रत्येक बाईला मिळाला तर माझं काम अर्धं होईल. आणि तो गणपती, चिखलाचा, सोंड सारखी पडणारा. ओसेआ आरतीला आला, विचारलं, हे तुमचे कोण? तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालास, ‘सभापती. यांच्याआधी इथे कुणी बोलत नाही.’ त्याने टोपी काढली होती.

तेव्हा आपण काय होतो रे? दोन मास्तर, तीस-बत्तीसचे. सगळं पहिल्यांदाच होत होतं आणि आपल्या समोर होत होतं.

असो. वाक्य लिहून देणार नाहीस, हे समजलं. तेआला काय विचारायचं ते मात्र समजलं नाही. लोक काय बोलणार? तू अकरा मिनिटांपायी राज्य घालवलंस, हेच ना? ते तर मीच त्यांना शिकवलं.

विचारतो.

मोहन

अ‍ॅशबर्न, १० मार्च २०२४

त्र्यंबक,

तेआला विचारलं. ती आधी टाळत होती. ‘काका, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे.’ तिकडेही आता काका म्हणतात, ते बहुधा इलाच्या पत्रांतून गेलं असावं. मग तिने सांगितलं.

तेमारोवर तुझं नाव कुणी घेत नाही. अकरा मिनिटांचं कारण लोकांनी दुसरंच ठेवलं आहे. ते म्हणतात, लावीनिया सहावीपर्यंत शिकलेली, तिला भरभर वाचता येईना, भाषण वाचता वाचता बोट निघून गेली. शाळेत एखादं मूल अडखळलं की बाकीची मुलं म्हणतात, लावीनियासारखं वाचू नकोस. आज जी मुलं हे म्हणतात त्यांचे आईबाप सुद्धा तेव्हा लहान होते. आणि तिचं स्वतःचंही तेच मत आहे. नातीला सांगते, मी सावकाश वाचलं म्हणून गेलं.

तुला हे माहीत होतं. इलाच्या पत्रांतून. म्हणून ते कार्ड.

चार दिवस गेले. मग अनिकाला म्हटलं की माझ्या खोक्यातून ते जुनं भाषण काढ आणि स्कॅन करून तेआला पाठव. माझ्या मनात असं होतं की शब्द तरी पोचावेत, ते चांगले होते. अनिका सोळा वर्षांची आहे. शाळेच्या डिबेट टीममध्ये आहे, आणि ती मुलं इतक्या वेगाने बोलतात की मला वाटतं घराला आग लागली आहे. तिने बावीस पानं बघितली आणि विचारलं, ‘आजोबा, ह्याला टाइम किती होता?’

मी सांगितलं की ती बोलायला उभी राहिली चार छत्तीसला. तुझ्या इतिवृत्तात आहे. भोंगा पाचला.

‘मग ट्वेंटी-फोर मिनिट्स.’ तिने फोनवर घड्याळ आणि रेकॉर्डिंग लावलं आणि सोफ्यावर उभी राहून वाचायला लागली. तिच्या वेगाने. श्वाससुद्धा चोरून. मी खुर्चीत बसून माझीच वाक्यं माझ्यासमोरून पळताना ऐकत होतो. चोवीस मिनिटांचा आकडा गेला तेव्हा ती एकोणिसाव्या पानावर होती. संपवलं तेव्हा सत्तावीस मिनिटं झाली होती.

‘मीसुद्धा नाही करू शकले,’ ती म्हणाली. मग पहिलं पान उलटून बघितलं. ‘पण वेट. तिने ओथ आधी का नाही घेतली? ओथ तर दोन लाइन्सची आहे ना?’

मी तिच्यावर खेकसलो. तुला कळत नाही, तुमच्या इथे भाषण म्हणजे शर्यत, असं बरंच. तिने ऐकून घेतलं आणि मग अगदी हळू म्हणाली, ‘आजोबा, यू आर नॉट आन्सरिंग.’

तिला जे दिलं नाही ते उत्तर तुला देतो. ते तुला माहीत आहे, पण माझ्याकडून यायला हवं.

त्या दिवशी दुपारी तू मला व्हरांड्यात गाठलंस. म्हणालास, ‘शपथ दोन ओळींची आहे. ती आधी उरकून घे, मग संध्याकाळभर बोलू दे तिला.’ मी म्हटलं की शपथ घेतल्यावर बोलतो तो अधिकार, शपथेआधी बोलतो तो माणूस, आणि मला माणूस बोलायला हवा आहे. किती खूश होतो मी त्या कल्पनेवर. तू पुन्हा भोंग्याचं काढलंस. तेव्हा मी म्हणालो, ‘तू इतिवृत्त लिही, इतिहास मी लिहितो.’

हे वाक्य मला शब्दशः आठवतं. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

लावीनियाने सकाळी विचारलं होतं, काही पानं गाळू का? मी म्हटलं, एकही नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता. आपल्याला भाषणातलं कळत नाही आणि मोहनला कळतं, असं ती सगळ्यांना सांगायची.

आता शेवटचं. हे तुलाही माहीत नसेल, कारण तुझी मान खाली होती, तू लिहीत होतास. तिसरा भोंगा झाला. तिघे उठले. दाराकडे जाताना त्यांतला म्हातारा तिच्यासमोर थांबला, डोकं लववलं आणि गेला. ती वाचायची थांबली. हातात वल्हं होतं, तिला अडवायचा अधिकार कुणाला नव्हता. थांबायचा अधिकार मात्र तिला होता. तिने सभापतीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, भिंतीशी मी उभा होतो तिथे. तिला विचारायचं होतं, आता काय करू?

मी हाताने खूण केली. चालू ठेव.

शेवटची सहा-सात पानं राहिली होती. त्यांत माझं सगळ्यात चांगलं वाक्य होतं. आज ते काय होतं ते पाहिलं. बरं आहे. इतकं काही नाही.

त्यानंतर दहाव्या दिवशी धक्क्यावर पाचशे-सहाशे माणसं जमली होती आणि तिथे वल्ह्याचीही गरज नव्हती. ‘ज्याने जन्मात एक वाक्य स्वतःचं उच्चारलं नाही, त्या कारकुनाने एका बाईचं राज्य अकरा मिनिटांना विकलं.’ तू आणि इला बाजाराच्या पिशव्या घेऊन मागे उभे होता. मी तुम्हाला पाहिलं होतं. पाहिलं, आणि वाक्य पूर्ण केलं. लोक हसले. महिन्याभरात तुम्ही बेट सोडलंत.

तुला विकाऊ म्हटलं, कारण नाहीतर लोकांनी मला विचारलं असतं. आणि लोकांनी तुलाही सोडून तिला धरलं, तेव्हा मी तिथे नव्हतो. आम्हीही वर्षाने निघालो. पुढे तिच्याबद्दल लोक काय म्हणतात, हे मी कधी विचारलं नाही. का विचारलं नाही, ते आता कळतं.

मी चुकलो, त्र्यंबक. इलाला हे सांगायला उशीर झाला. तुला सांगतो.

समितीला साक्ष पाठवतो आहे. एक पान. क्रम माझा होता. सचिवाने आधीच सांगितलं होतं. भोंगा तिसराच होता. इतिवृत्त अक्षरशः खरं आहे. त्याच इतिवृत्ताप्रमाणे चौतीस मिनिटांत तिने बावीस पानं वाचली, आणि माझ्या नातीला, जी वेगाची पदकं मिळवते, सत्तावीस लागली. जगातलं कुणीही ते चोवीस मिनिटांत वाचू शकलं नसतं. याने शपथ उशिरा झाली हे पक्कं होईल आणि तिचं नाव फलकावरून कायमचं जाईल, हे मला समजतं. मी वकील होऊन तिला वाचवायला निघालो होतो, आणि माझीच साक्ष तिच्या विरुद्ध जाते आहे.

तरी पाठवतो. तू पाठवली असतीस.

मोहन

अ‍ॅशबर्न, २१ एप्रिल २०२४

त्र्यंबक,

काल तेआचा फोन आला होता, तासभर. तुला तिने कागद पाठवले असतीलच, पण तू कुणाला काही सांगत नाहीस, तेव्हा मी माझ्या बाजूने लिहितो.

माझी साक्ष पोचल्यावर समितीचं काम सोपं झालं होतं. अध्यक्ष म्हणाले की आता वादच उरला नाही, लेखक स्वतः कबूल करतो, ‘पद रिक्त’ कायम. तेआ म्हणाली की त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता काका, मी तुमचं पत्र दोन दिवस आजीला दाखवलं नाही. मी म्हटलं, बरोबर केलंस.

आणि मग तुझं पत्र गेलं. तिने मला फोनवर वाचून दाखवलं. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. ‘मी त्या दिवशी सचिव होतो. शपथ उशिरा झाली असं मी लिहिलं आहे. खुर्ची रिकामी होती असं मी कुठेही लिहिलेलं नाही, कारण ती नव्हती. पुढचे नऊ दिवस रोज सकाळी आठला लावीनिया तिथे येऊन बसत असे आणि मी तिच्यापुढे कागद ठेवत असे. समितीने इतिवृत्ताचा आधार घ्यायचा असेल तर तो पूर्ण घ्यावा.’

त्र्यंबक, मी तुझ्याकडून एक खोटं वाक्य मागत होतो. तुझ्या वहीत खरं वाक्य पडलेलं होतं, आणि ते काढायला मी आधी खरं बोलावं एवढीच तू वाट बघत होतास. की मी हे भाषणासारखं करतोय? करतोय बहुतेक. तू नुसतं ‘रिक्त’ हा शब्द चुकीचा आहे म्हणून लिहिलं असशील.

फलक गेल्या शनिवारी लागला. तिसरी ओळ अशी आहे: ‘लावीनिया मोआले. ऑक्टोबर १९९०. नऊ दिवस. शपथ तिसऱ्या भोंग्यानंतर.’ अध्यक्षांना शेवटचे शब्द नको होते, फलकावर बरं दिसत नाही म्हणाले. लावीनियाच म्हणाली, असू द्या, खरं आहे ते. आपली साक्ष, तुझी आणि माझी, आत काचेखाली ठेवली आहे, शेजारी शेजारी. तुझं अक्षर अजून तसंच आहे असं तेआ म्हणाली. माझं कुणाला लागत नाही, म्हणून अनिकाने टाइप करून दिलं होतं.

उद्घाटनाला मला व्हिडिओवरून दोन मिनिटं बोलायला दिली होती. त्यांतलं अर्ध्याहून कमी वापरलं. धक्क्यावर काय म्हणालो होतो ते सांगितलं, ते खोटं होतं हे सांगितलं, तुझं पूर्ण नाव घेतलं आणि बसलो.  सुमेधा मागे उभी होती. नंतर म्हणाली, ‘बाबा, झालं? एवढंच?’ त्या धक्क्यावर ती बारा वर्षांची होती, माझं बोट धरून उभी. तिला ते वाक्य पाठ होतं. मला कधी बोलली नव्हती.

जूनमध्ये ती कामासाठी सॅन होजेला येणार आहे आणि मी तिच्याबरोबर येतो आहे. तुझं फ्रीमाँट तिथून अर्ध्या तासावर आहे म्हणे. मी नकुलला विचारलं नाही, यावेळी तुलाच विचारतो. नको म्हणालास तर मी हॉटेलात वाचत बसेन, राग धरणार नाही.

आता लावीनियाचं. तेआने तिला माझी साक्ष वाचून दाखवली तेव्हा तिने सत्तावीसच्या आकड्यापाशी थांबवलं. ती मुलगी केवढी आहे, विचारलं. सोळा. अमेरिकेत शिकते? हो. तिची जीभ कशी चालते? तेआने तिला अनिकाचा व्हिडिओ दाखवला, सोफ्यावर उभी राहून वाचतानाचा. लावीनियाने तो पूर्ण पाहिला, सत्तावीस मिनिटं. मग म्हणाली, ‘म्हणजे मी बरी वाचत होते.’

मला वाटलं होतं, ती माझ्याबद्दल काही बोलेल. तेआला विचारलंही. नाही, म्हणाली, तुमच्याबद्दल काही नाही बोलली. आजी उठून चष्मा शोधायला लागली.

चर्चमध्ये रविवारी एक जण बायबलमधला उतारा वाचतो, पाळीने, तुला आठवत असेल. त्या ऑक्टोबरनंतर तिने स्वतःची पाळी कधी घेतली नव्हती. दर वेळी काही कारण सांगायची, घसा, डोळे, पाय. चौतीस वर्षं. पाद्री बदलले तरी कारणं तीच.

गेल्या रविवारी तिची पाळी होती. तेआ तिला हाताला धरून पुढे घेऊन गेली आणि परत जाग्यावर येऊन बसली. उतारा मोठा होता. एका नावाशी ती अडखळली. थांबली, चष्मा वर सरकवला, ते नाव पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, आणि पुढे वाचत गेली.

मोहन